कारवीची काठी आणि कारवीचे फूल

देवनार म्हटले की आपल्या शेतकऱ्याला बकऱ्यांचा बाजार आठवतो. मुंबई महापालिकेचा तिथला कत्तलखाना १९७१ साली सुरू झाला. बकरी ईद जवळ आली की घाटावरून, मराठवाड्यातून, पार राजस्थानातूनही ट्रक भरून बकरे तिकडे जातात. देवनारची दुसरी ओळख कचऱ्याच्या डोंगराची. १९२७ पासून मुंबईचा कचरा तिथे पडत आला. अशा ठिकाणाहून एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे आणि ते चक्क एका फुलझाडाविषयी आहे, म्हणून आजची जागा त्या पत्राला देतो.

या भगिनींचे माहेर पोलादपूर तालुक्यात डोंगराच्या कुशीत आहे. २०२४ सालच्या पावसाळ्यात त्या शेजारणींबरोबर बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात कारवीचा फुलोरा पाहायला गेल्या. लोक फुलांसाठी एवढे लांब येतात, फोटो काढतात, हे पाहून त्यांना नवल वाटले. त्या लिहितात, ‘आमच्या माहेरच्या घराच्या भिंती कारवीच्या आहेत, चुलीत कारवी आहे, पडवळाच्या मांडवाला कारवी आहे. पण फूल म्हणून तिच्याकडे आमच्यापैकी कोणी कधी पाहिले नाही.’ त्यांचे प्रश्न दोन आहेत. इमारतीच्या मागे भिंतीलगत मोकळी पट्टी आहे, तिथे पाखरे आणि फुलपाखरे यावीत म्हणून कारवी लावता येईल का? आणि गावी भाऊ मालकीच्या डोंगरउतारावरची कारवी जेसीबीने साफ करून काजू लावायच्या विचारात आहे, त्याला काय सांगावे?

पहिला प्रश्न हौसेचा आहे, दुसरा जोखमीचा. दोन्हींचे उत्तर एकाच गोष्टीत आहे. ती म्हणजे या झुडपाचे आयुष्य कसे चालते हे समजून घेणे.

सह्याद्रीच्या कुशीतल्या वाचकांना कारवी सांगायला नको. सोलापूर-लातूरकडच्या वाचकांसाठी थोडे सांगतो. कारवी ही अडुळशाच्या कुळातली. आपल्या परसातल्या अबोली आणि कोरांटी याही त्याच घरच्या. उंची पुरुषभर, बरी जमीन मिळाली तर दोन पुरुष. पाने मोठी, हाताला खरबरीत लागणारी. काठ्या सरळ, पेरांवर फुगीर. डोंगरउतारावर ती अशी दाट माजते की आत शिरलेल्या माणसाला चार हातांवरचा सोबती दिसत नाही. शास्त्रज्ञ तिला स्ट्रोबिलॅन्थस कॅलोसा म्हणतात. ब्रेमेकाम्प नावाच्या डच शास्त्रज्ञाने १९४४ साली तिला वेगळे काढून कार्व्हिया असे नाव दिले होते. आपल्या ठाकर-कोळ्यांच्या तोंडचा शब्द असा लॅटिन नावात जाऊन बसला.

आता तिचे नवल ऐका. बी रुजले की सात वर्षे कारवी नुसती पाने आणि काठ्या वाढवते. दर पावसाळ्यात हिरवी होते, उन्हाळ्यात झडून काटक्या उरतात. फूल नाही, कळी नाही. मग आठव्या वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास डोंगरच्या डोंगर एकदम जांभळा-निळा होतो. दर पेरावर, दर फांदीला फुलांचे तुरे. महिना-दीड महिना हा सोहळा चालतो आणि मग झुडूप मरते. आयुष्यात एकदाच फुलायचे, बी धरायचे आणि वाळून जायचे. बोरिवलीच्या उद्यानात २००८, २०१६ आणि २०२४ या साली असा फुलोरा आला. या हिशेबाने पुढचा २०३२ साली. २०२४ च्या जूनमध्ये पहिलीत बसलेली मुलगी तेव्हा नववीत असेल.

सगळ्या सह्याद्रीचे घड्याळ मात्र एक नाही. या डोंगराचे साल वेगळे, पलीकडच्या खिंडीतल्या कारवीचे वेगळे. एकाच डोंगरावरही अधल्यामधल्या वर्षी एखादा ताटवा चुकार फुललेला दिसतो. साताऱ्याजवळच्या कास पठारावर जी बुटकी, टोपली पालथी घातल्यासारखी वाढणारी टोपली कारवी आहे, ती हिची धाकटी बहीण. तिचा फेरा सात वर्षांचा धरतात. केरळात मुन्नारकडे नीलकुरिंजी ही आणखी एक बहीण बारा वर्षांनी फुलते. ती २००६ आणि २०१८ साली फुलली, आता तिची पाळी २०३० ची.

एवढी वर्षे थांबून सगळ्यांनी एकदम फुलायचे, यात कारवीचा काय फायदा? जोंधळ्याच्या शिवारात एकाच शेतकऱ्याने आठ दिवस आधी पेरले तर त्याच्या कणसांचे काय होते, ते तुम्ही जाणता. सगळी पाखरे त्याच्यावर तुटून पडतात. सगळ्यांचे एकदम पिकले तर पाखरे खाऊन खाऊन किती खाणार? कारवीचे गणित तेच आहे. दरवर्षी थोडे थोडे बी धरले तर किडे, उंदीर, पाखरे ते फस्त करतील. आठ वर्षांचे सारे बी एकदम टाकले की खाणाऱ्यांची पोटे भरूनही भरपूर शिल्लक राहते. बांबूही हेच करतो. मिझोराममध्ये १९५९ च्या सुमारास बांबू एकदम फुलला, ते बी खाऊन उंदीर बेसुमार वाढले, मग ते भाताकडे वळले आणि दुष्काळ पडला. तसे संकट आपल्याकडे कारवीने आणलेले नाही. पण एकदम फुलण्यामागची युक्ती तीच.

यानंतरची गोष्ट आपल्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची. कारवीची फुले दसरा-दिवाळीपर्यंत सरतात, बोंडे धरतात, पण ती लगेच फुटत नाहीत. झुडूप मेले तरी वाळक्या काठ्यांवर ती तशीच चिकटून राहतात. सगळा हिवाळा जातो, सगळा उन्हाळा जातो. पुढच्या मृगाची पहिली सर अंगावर पडली की वाळकी बोंडे पाणी पितात आणि फट्कन उकलून बी दूर उडवतात. असल्या वेळी रानात गेलात तर चहूकडून फटफट आवाज ऐकू येतो. तुमच्या घरच्या मुलींनी अबोलीची वाळकी बोंडे पाण्यात टाकून फोडण्याचा खेळ खेळला असेल. हा तोच खेळ, सबंध डोंगराएवढा. बी कोरड्यात पडून वाया जाऊ नये, ओल झाल्यावरच पडावे, अशी ही सोय आहे.

सोय चांगली, पण तिच्यात एक धोका आहे. आठ वर्षांची सगळी पुंजी नोव्हेंबरपासून जूनपर्यंत वाळक्या काठीवर टांगलेली असते आणि आपल्याकडे वणवे लागतात ते नेमके त्याच दिवसांत. एरवीच्या वर्षी लागलेला वणवाही वाईटच. फुलोऱ्याच्या पाठच्या उन्हाळ्यात लागलेला वणवा मात्र त्या उतारावरच्या कारवीचा वंशच नेतो. आई मेलेली, बी जळालेले. पुढच्या पावसात तिथे गवताखेरीज काही येत नाही आणि उघडी माती ओघळीने खाली तुमच्याच भातखाचरात येते. राब भाजताना, गवतासाठी माळ पेटवताना त्या एका उन्हाळ्यापुरती जाळरेषा आधी काढून घेतली, चार पोरे हिरव्या डहाळ्या घेऊन उभी केली, तरी पुष्कळ झाले.

काठ्यांचेही तसेच. कारवी तोडूच नका, असे मी सांगणार नाही. ते सांगणाऱ्याने कुडाच्या घरात एक पावसाळा काढून दाखवावा. कारवीच्या काठ्या उभ्या लावून, आडव्या कांबींना बांधून, वरून शेणमातीने लिंपलेली भिंत उन्हाळ्यात गार राहते आणि पत्र्याच्या खोलीपेक्षा शंभरपट सुखाची असते. डहाणू-जव्हारकडे वारल्यांनी अशाच कुडाच्या भिंतींवर गेरूचा हात देऊन तांदळाच्या पिठाने चित्रे काढली. ती कला जिव्या सोमा मशे यांनी जगभर नेली आणि त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. त्या पांढऱ्या माणसांच्या आणि तारप्याच्या फेराच्या पाठीशी उभी होती ती कारवी. शिवाय वाल, पडवळ, दोडका, टोमॅटो यांना आधार द्यायला कारवीची काठी बिनपैशाची मिळते. बांबू विकत घेणाऱ्याला विचारा, मांडवाचा खर्च किती येतो तो.

तेव्हा तोडा, पण साल पाहून तोडा. फुलोऱ्याच्या पाठच्या उन्हाळ्यात काठ्या हव्याच असतील तर उताराचा एक भाग न तोडता राखावा आणि तो शक्यतो वरचा असावा, म्हणजे बी उडून, वाहून खालपर्यंत पसरेल. तोडलेल्या काठ्यांवरची बोंडे घरी झोडून घ्यावीत आणि पहिल्या पावसाआधी पुन्हा उतारावर नेऊन टाकावीत. हे काम पोरांच्या हातचे आहे. काठीही घरात आली आणि बीही डोंगरावर राहिले.

आता काजूच्या प्रश्नाकडे येतो. भाऊ चुकीचे काही करत नाही, हे आधी सांगितले पाहिजे. काजू हे कोकणातल्या उताराचे चांगले पीक आहे आणि कारवीच्या फुलावर कोणाचे घर चालत नाही. आठ वर्षांतून एकदा फुलणाऱ्या झुडपापायी मधमाश्या बारमाही जगतात, असेही नाही. मधल्या सात वर्षांत त्यांना जांभूळ, हिरडा, गेळा अशा झाडांचाच आधार असतो. पण जेसीबी लावून सबंध उतार उघडा करण्याला माझा विरोध आहे. कारवीच्या दाट मुळ्यांनी धरून ठेवलेली माती एका पावसाळ्यात जाते आणि काजूची कलमे मुरमात उभी राहतात. त्याने खड्डे घ्यावेत, खड्ड्यांपुरती आणि वाटेपुरती जागा हाताने साफ करावी. कलमांच्या ओळींमध्ये आडवे, उताराला काटकोनात कारवीचे पट्टे राखावेत. ओघळींच्या दोन्ही काठांची आणि कड्यालगतची कारवी तर मुळीच काढू नये. दरवर्षी पावसानंतर कलमाभोवती कापलेल्या कारवीचा पाला आळ्यात आच्छादन म्हणून घालता येतो. काजूचा मोहर धरायला माश्या आणि किडे लागतात आणि त्यांना राहायला रानाची एखादी पट्टी शेजारी असणे बागायतदाराच्याच हिताचे आहे.

कारवीच्या फुलोऱ्यात मधाचा मोठा हंगाम येतो. रानात आग्याची मोहोळे लागतात, सातेरीच्या पेट्या भरतात. कारवीचा मध रंगाने गडद आणि दाट. महाबळेश्वरकडे ज्या मधांना नाव आहे त्यांत जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा यांच्या जोडीने कारवीचा मध येतो. खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय महाबळेश्वरलाच आहे आणि जवळचे मांघर हे २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून पुढे आले. आपल्या डोंगराचे कारवीचे साल ज्याला ठाऊक आहे, त्याला आदल्या वर्षीच चार पेट्यांची तयारी करता येते. ज्याला ठाऊक नाही, त्याला फुले दिसल्यावर धावाधाव करून काही मिळत नाही. आणि एक विनंती. आग्याचे मोहोळ जाळून काढू नका. मधाचा कांदा तेवढा घ्यावा, पिल्लांचा भाग राहू द्यावा.

फुलाखेरीजच्या सात वर्षांत कारवी कोणाच्या उपयोगी पडते, असे कोणी विचारील. पंख मिटून बसले की हुबेहूब वाळक्या पानासारखे दिसणारे एक फुलपाखरू आपल्या रानात आहे. शिरा, देठ, बुरशीचे डाग, सगळे पानाचे. उडाले की आतून गडद निळे आणि त्यावर फिकट पट्टा. त्याच्या अळ्या कारवीच्या पानांवर वाढतात. कारवी गेली तर तेही जाणार. दाट कारवीत रानकोंबड्या, ससे आसऱ्याला असतात. बोरिवलीचे उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे, भोवती कोट्यवधी माणसे, आणि तरी तिथे बिबटे टिकून आहेत. ते अशाच दाट झाडोऱ्याच्या आडोशाने. आता गावाशेजारी दाट कारवी असली तर बिबट्याची भीती वाटते, हेही खरे आहे. म्हणून घराला आणि गोठ्याला अगदी लागून ती वाढवू नये. वाटेच्या दोन्ही बाजूंनी दोन-तीन हात जागा मोकळी ठेवावी.

देवनारच्या भगिनींना आता सांगतो. ठाणे खाडीच्या अंगाची ती जमीन. खाडीत रोहित पक्षी उतरतात, म्हणून तिच्या काही भागाला २०१५ साली अभयारण्य केले. पण त्या भागात पुष्कळ ठिकाणी भराव आहे आणि माती खारवट असते. कारवी डोंगरउताराची, पाणी पडले की निथळून जाणाऱ्या जमिनीची. साचलेल्या पाण्यात ती कुजेल. तेव्हा भिंतीलगत हातभर उंचीचा लांबट वरंबा करावा, त्यात तांबडी माती, मुरूम आणि थोडे पालापाचोळ्याचे खत घालावे, आणि वरंब्यावर लावावे. अर्धवट सावली चालते. एकदोन रोपे लावून मजा नाही. कारवी मेळ्यात शोभते. दहाबारा रोपे दीड-दोन हातांवर दाटीने लावावीत.

मात्र शेजारणींना आधीच सांगून ठेवा की सात वर्षे नुसता पाला दिसेल आणि आठव्या वर्षी फुलून सगळे वाळेल. नाहीतर सोसायटीच्या सभेत कोणीतरी ते रान काढून टाकायचा ठराव आणील आणि तो मंजूरही होईल. म्हणून कारवी मागच्या ओळीत आणि पुढे दरवर्षी फुलणारी आपलीच झुडपे लावावीत. धायटी लावा. थंडी सरता सरता तिला लाल फुले येतात आणि शिंजीर म्हणजे ते चिमणीहून लहान, चकाकणारे, वाकड्या चोचीचे पाखरू दिवसभर तिला सोडत नाही. मुरुडशेंगेच्या लाल फुलांवरही शिंजीर येतो आणि शेंग बाळगुटीला उपयोगी पडते. भुतकेस लावा, त्याचे पांढरे पान हेच फुलासारखे दिसते. कडेला अडुळसा आणि अबोली. कोपऱ्यात एक लिंबू आणि एक कढीलिंब असू द्या. लिंबाची पाने कुरतडणारी अळी दिसली तर लगेच औषध मारू नका. तीतून राणी पाकोळी हे मोठे काळे-निळे फुलपाखरू निघू शकते आणि २०१५ पासून तेच आपल्या राज्याचे फुलपाखरू आहे. फळबागेतल्या लिंबावर अळी झाली तर गोष्ट वेगळी. परसातल्या एका झाडाने दहा पाने दिली म्हणून काही बिघडत नाही.

बी किंवा रोप कुठून आणायचे? राष्ट्रीय उद्यानातून किंवा राखीव जंगलातून मुळीच आणू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने उद्यानातले फूलही तोडता येत नाही, मग बी दूरच. ज्यांच्या मालकीच्या डोंगरावर कारवी आहे त्यांच्याकडून घ्यावे. फुलोऱ्याच्या पुढच्या वर्षी मृगानंतर झुडपाखाली रोपांचा गालिचाच अंथरलेला असतो. त्यातली निम्म्याहून अधिक रोपे दाटीने आपोआप मरतातच. आषाढातल्या झडीत तशी पाच-पंचवीस रोपे मातीच्या गड्ड्यासह उचलून नेली तर डोंगराचे काही जात नाही. बी पेरायचे असेल तर वाळकी बोंडे उन्हाळ्यात कापडी पिशवीत भरून ठेवावीत. ती कोरडी राहिली पाहिजेत. दमट कोपऱ्यात ठेवलीत तर घरातच फुटून बी सांडेल. पाऊस लागला की सरळ वाफ्यावर पसरावीत, पुढचे काम पाऊस करतो. वरून माती जाड घालू नये. यंदाचे बी पुढच्या सालासाठी राखून ठेवू नये, त्याच पावसात वापरावे. रोपे पहिल्या वर्षी लहानच राहतात, म्हणून कोंबड्या आणि शेळ्यांपासून जपावी लागतात.

एक गंमतही करता येते. वेगवेगळ्या साली फुललेल्या दोन डोंगरांचे बी मिळाले तर एकाच बांधावर दोन पाळ्या लावता येतील. कारवीचे वय मोजायचे ते बी रुजल्यापासून. त्यामुळे आठ वर्षांच्या जागी चार-पाच वर्षांनी घरी एकदा फुलोरा पाहायला मिळेल आणि पेट्या ठेवणाऱ्याचेही फावेल. बी मात्र जवळपासच्याच डोंगरांचे असावे. कोल्हापूरचे बी नाशिकला नेण्याचा उद्योग करू नये. तिथल्या कारवीला तिथला पाऊस मानवलेला असतो.

या सगळ्यासाठी आधी आपल्या डोंगराचे साल ठाऊक हवे आणि ते कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. गावातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा. कोणाला ते लग्नाच्या सालावरून आठवेल, कोणाला थोरल्या मुलाच्या जन्मावरून, कोणाला घराचा कूड नव्याने घातला त्या सालावरून. दोघीतिघींचे साल जुळले की त्यात आठ आठ मिळवत आजपर्यंत या. आलेले साल घराच्या तुळईवर किंवा शाळेच्या भिंतीवर तेलरंगाने लिहून टाका आणि आम्हालाही एका पोस्टकार्डावर कळवा. डोंगराचे नाव, गाव, तालुका आणि मागचा फुलोरा कोणत्या साली, एवढेच लिहा. आलेली साले या पानावर जिल्हावार छापू, म्हणजे पेट्यावाल्यांना आणि बी हवे असलेल्यांना कुठे केव्हा जायचे ते समजेल. पोलादपूरच्या भावाने पहिले कार्ड पाठवावे आणि काजूचे खड्डे किती अंतरावर घेतले तेही लिहावे.